आरोग्याचं संशोधन कसं वाचावं: उंढेऱ्याच्या आकड्यांपासून लेहच्या तिकिटापर्यंत

‘तज्ज्ञांच्या समितीने सांगितलंय’ असं म्हटलं की निम्मे लोक लगेच मान डोलावतात. उरलेले ‘सगळे कंपन्यांनी विकत घेतलेले’ म्हणून मोकळे होतात. अहवाल मात्र दोघांपैकी कोणीच उघडलेला नसतो. आम्हा बडोदेकर मराठी मंडळींची तर आणखी एक गंमत. पेपर गुजराती, टीव्ही हिंदी, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजी आणि चर्चा मराठीत. एवढ्या प्रवासात मूळ आकड्यांचं काय होत असेल ते सांगायला नको.

हे मार्गदर्शन त्या आकड्यांपर्यंत पोचण्यासाठी आहे. टक्केवारी काढता येत असेल तर पुरे. कागद, पेन्सिल आणि फोनमधला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. मुख्य उदाहरणं मुद्दाम जुनी घेतली आहेत, कारण त्यांचे निकाल लागून गेले आहेत आणि आज त्यांवरून कोणी भांडत नाही. पहिलं तर आपल्या बडोद्याच्या वेशीवरचंच आहे.

आधी मूळ कागद शोधा

बातमीत तीन गोष्टी शोधायच्या: अभ्यास कोणत्या संस्थेने केला, कोणत्या नियतकालिकात आला आणि कोणत्या वर्षी. यातलं एकही नसेल तर ती बातमी तिथेच सोडा. ‘अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी’ हा पत्ता होत नाही.

पत्ता मिळाला की पबमेड या मोफत शोधसाठ्यात विषयाचे दोन-तीन इंग्रजी शब्द टाका. बहुतेक लेखांचा सारांश तिथे फुकट वाचता येतो. १९१३ पासून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ तर पूर्ण वाचायला मिळतं. ‘प्रीप्रिंट’ असा शिक्का दिसला तर तो लेख अजून इतर तज्ज्ञांनी तपासलेला नाही असं समजा. अर्थात तपासलेला म्हणजे बिनचूक असंही नाही. कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावरचा एक मोठा लेख २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाच्या चाचण्या थांबवल्या. मूळ माहिती तपासायला मिळेना, तेव्हा ४ जूनला तो लेख मागे घेतला गेला. म्हणून जुनी बातमी कोणी नव्याने पाठवली की सारांशाच्या वर ‘रिट्रॅक्टेड’ लिहिलंय का ते पाहायचं. एका मिनिटाचं काम आहे.

तुलना कोणाशी केली?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘हा काढा घेतलेल्या शंभरातले नव्वद बरे झाले’ या वाक्यात काढ्याबद्दल काहीही कळत नाही. न घेतलेल्यांचं काय झालं?

१८९८ च्या फेब्रुवारीत प्लेगची लस काढणारे वाल्डेमार हाफकिन यांना हेच विचारायचं होतं. मुंबईत प्लेग येऊन दीड वर्ष होत आलं होतं. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी स्वतःची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, मग भायखळ्याच्या तुरुंगात वापरून पाहिली होती. पण तुरुंग म्हणजे गाव नव्हे. बडोद्यापासून सहा मैलांवरच्या उंढेरा गावात प्लेग शिरला होता. १०२९ वस्तीच्या त्या गावातली ७९ माणसं आधीच गेली होती. हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन तिथे पोचले आणि त्यांनी सगळ्या गावाला लस टोचली नाही. घरागणिक माणसं उभी केली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्यांनाच टोचलं. एकूण ५१३ जणांना लस मिळाली, ४३७ जण तसेच राहिले.

कुटुंबच का फोडलं, ते नीट समजून घ्या. अख्ख्या एका आळीला लस देऊन दुसऱ्या आळीशी तुलना केली असती तर शंकेला जागा उरली असती: त्या आळीत उंदीर कमी असतील, घरं हवेशीर असतील, लोक खाऊनपिऊन सुखी असतील. एकाच छपराखाली झोपणाऱ्या, एकाच चुलीवरचं जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाला लस आणि एकाला नाही, म्हटल्यावर या शंका बहुतेक गळून पडतात. आजच्या चाचण्यांत हेच काम चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक निवडीने होतं.

उंढेऱ्यात चिठ्ठ्या नव्हत्या, निवड माणसांनी केली होती. लस कोणाला मिळाली हेही गावभर ठाऊक होतं. या दोन उणिवा कागदाच्या कडेला लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता गणित

त्यानंतर २८ कुटुंबांत प्लेग निघाला. त्या कुटुंबांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. पेन्सिल घ्या.

न टोचलेल्यांत मृत्यू: २६ भागिले ६४, म्हणजे शेकडा ४०.६. टोचलेल्यांत ३ भागिले ७१, म्हणजे शेकडा ४.२. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ०.१० येतं, म्हणजे मृत्यू दहा टक्क्यांवर आले. बातमी छापायची असती तर मथळा झाला असता: ‘लसीने मृत्यू ९० टक्क्यांनी घटले’. मथळा खरा आहे.

पण हेच गणित अख्ख्या गावावर करून पाहा. मृत्यू तेवढेच, छेद मात्र बदलतात. ४३७ पैकी २६ म्हणजे शेकडा ५.९. ५१३ पैकी ३ म्हणजे शेकडा ०.६. भागाकार पुन्हा ०.१० च्या आसपास, घट पुन्हा ९० टक्के! फरक मात्र पाहा. प्लेग शिरलेल्या घरांत शंभरामागे ३६ जीव वाचले, तर गावभर मोजलं तर शंभरामागे साधारण ५. एक मृत्यू टाळण्यासाठी किती जणांना टोचावं लागलं? १०० ला त्या फरकाने भागा. बाधित घरांत सुमारे ३, गावात सुमारे १९.

दोन्ही हिशेब बरोबर आहेत. घरातल्या माणसाला पहिला हवा असतो, लसीच्या बाटल्यांची तजवीज करणाऱ्या कारभाऱ्याला दुसरा. म्हणून ‘इतक्या टक्क्यांनी घट’ वाचलं की पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: कितीवरून कितीवर? शंभरात ४० वरून ४ वर आलं तरी ९० टक्के, आणि लाखात १० वरून १ वर आलं तरी ९० टक्केच. औषधाच्या जाहिरातीत पहिला आकडा ठळक छापलेला असतो, दुसरा बहुधा नसतोच.

आणखी एक परीक्षा मला फार आवडते. आकड्यांना थोडा धक्का देऊन पाहायचा. समजा टोचलेल्यांपैकी तीन मृत्यू नोंदवायचे राहिले आणि खरा आकडा ६ होता. तरी शेकडा ८.५ येतो, समोर ४०.६ आहेच. निष्कर्ष टिकला. ज्या अभ्यासात एकदोन माणसं इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो, तिथे ‘सिद्ध झालं’ हा शब्द वापरू नये.

गटात कोण आलं, आणि स्वतःहून आलं का?

हा प्रश्न लष्कराने जगाला शिकवला, तोही भांडून.

आल्मरॉथ राइट हे ब्रिटिश लष्कराच्या नेटली इथल्या वैद्यकीय शाळेत होते. त्यांनी विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची लस काढली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) ब्रिटिशांचे जितके सैनिक रणांगणावर पडले त्याहून जास्त रोगांनी गेले आणि त्यात टायफॉइड पुढे होता. लेडीस्मिथच्या वेढ्यातले आकडे असे: लस न घेतलेले १०,५२९ आणि त्यांतले १,४८९ आजारी. लस घेतलेले १,७०५, आजारी फक्त ३५. शेकडा १४.१ विरुद्ध २.१. म्हणजे ८५ टक्के घट. उंढेऱ्याच्या ९० ला अगदी खेटून.

तरी हे दोन पुरावे एका तोलाचे नाहीत. लेडीस्मिथमध्ये लस ऐच्छिक होती. जो शिपाई स्वतःहून दंड पुढे करतो तो बहुधा पाणीही उकळून पितो, हातही धुतो. मग वाचवलं कोणी, लसीने की त्याच्या सवयींनी? संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्यापुढे वेगवेगळ्या पलटणींचे आकडे ठेवले गेले. १९०४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी लिहिलं, की पलटणीपलटणीत निकाल फारच वेगवेगळे येतात, एवढ्यावर सगळ्या सैन्याला लस देणं योग्य ठरत नाही. नुसतं नाक मुरडून ते थांबले नाहीत. उपायही सुचवला: लस घ्यायला तयार असलेल्यांची यादी करा आणि त्यांतल्या एकाआड एकालाच टोचा. म्हणजे दोन्ही बाजूंना काळजी घेणारीच माणसं येतील.

राइट भयंकर चिडले, दोघांचा पत्रव्यवहार चांगलाच रंगला. पुढे लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन यांनी पलटणींचा नीट पाठपुरावा करून आकडे जमवले आणि पहिल्या महायुद्धात ही लस ब्रिटिश सैन्यात सर्रास वापरली गेली. लस बरोबरच होती. पण माझ्या मते १९०४ साली पिअर्सनही बरोबर होते, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे पचवणं लोकांना जड जातं.

घरी वापरायची पद्धत अशी. ‘रोज योग करणाऱ्यांना हृदयविकार कमी’, ‘अमुक गोळी नियमित घेणारे जास्त जगतात’ असं वाचलं की पाहा: ती माणसं संशोधकांनी वाटून दिली होती, की आपल्या आपण तशी होती? आपल्या आपण असतील तर ते निरीक्षण आहे. निरीक्षण टाकाऊ नसतं. सिगारेटचे दुष्परिणाम मुख्यतः निरीक्षणांतूनच कळले. पण तिथे एक अभ्यास पुरत नाही, अनेक ठिकाणांहून तेच उत्तर यावं लागतं.

खेळ सुरू होण्याआधी नियम लिहिले होते का?

भारतात औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. ती जुलै २००७ मध्ये सुरू झाली, नोंद १५ जून २००९ पासून बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. लेखात सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि एक क्रमांक असा तिरप्या रेघांनी जोडलेला नंबर दिलेला असतो. तो संकेतस्थळावरच्या शोधात टाका आणि ‘प्रायमरी आउटकम’ (यश कशावर मोजायचं ते) हा रकाना उघडा.

तिथे लिहिलं असेल ‘२८ दिवसांतले मृत्यू’ आणि छापील लेखात ढोल वाजत असेल ‘ताप लवकर उतरला’ याचा, तर सावध व्हा. बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढण्याचा तो प्रकार आहे. त्याच पानावर खर्च कोणी केला तेही असतं. कंपनीचा पैसा म्हणजे खोटं संशोधन असं मी म्हणणार नाही, लशी आणि औषधं बहुतांशी त्याच पैशातून येतात. पण पैसा कंपनीचा, विश्लेषणही कंपनीचं आणि तुलना नुसत्या साखरेच्या गोळीशी असेल, तर दुसऱ्या कोणाचा अभ्यास येईपर्यंत थांबायला हरकत नाही.

नुकसानीचा रकाना

फायद्याचे आकडे पहिल्या पानावर असतात, त्रासाचे मागच्या तक्त्यात. तो तक्ता शोधाच. त्यात एकच गोष्ट नीट वेगळी करायची: दोष औषधाचा, की ते देण्याच्या पद्धतीचा?

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिनची प्लेगची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. त्या दिवशी तिथे शंभरावर लोकांना लस दिली होती. मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. एवढी एक गोष्ट बोलकी होती, तरी ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांची प्रयोगशाळा हातची गेली. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू लावून धरली आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. तोवर लसीवरचा लोकांचा विश्वास जायचा तेवढा गेला होता.

आजही ‘लस घेतल्यावर अमुक झालं’ ऐकलं की विचारायचं: किती जणांत एक? न घेतलेल्यांत तेच किती होतं? सगळे एकाच ठिकाणचे, एकाच बॅचचे आहेत का?

समितीची भाषा

अहवालातली क्रियापदं सावकाश वाचा. उंढेऱ्यानंतर सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने (अध्यक्ष थॉमस फ्रेझर, आणि सदस्यांत हेच राइट) हाफकिनचे आकडे उलटसुलट तपासले. निष्कर्ष नेमस्त होता: लसीने प्लेग होण्याचं प्रमाण चांगलंच घटतं, मृत्यूही घटतात, पण संरक्षण पूर्ण नाही, आणि टोचल्यावर पहिले काही दिवस ते मिळतच नाही. ‘९० टक्के’ हा आकडा आयोगाने झेंड्यावर लावला नाही. कडेला लिहून ठेवलेल्या त्या दोन उणिवा आठवा, म्हणजे हा सावधपणा कळेल.

आजच्या समित्या पुराव्याला दर्जा देतात: उच्च, मध्यम, कमी, अत्यंत कमी. शिफारशीला वेगळं लेबल लागतं: जोरदार किंवा सशर्त. या दोन गोष्टी वेगळ्या असतात. पुरावा कमी दर्जाचा असूनही शिफारस जोरदार असू शकते, कारण रोग जीवघेणा आणि उपाय निरुपद्रवी असेल तर वाट पाहण्यात अर्थ नसतो.

लसींबाबत आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाला सल्ला देतो तो एनटीएजीआय हा तज्ज्ञगट, २००१ साली स्थापन झालेला. गट सल्ला देतो, निर्णय सरकार घेतं. निर्णयात पैसा, पुरवठा, शीतसाखळी, मनुष्यबळ सगळं येतं. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे झालं, तेव्हा लसींचा तुटवडाही होता. दोन गोष्टी एकत्र आल्या की लोक मनाला येईल ती एक उचलतात. अहवालात ‘पुरावा’ कुठे संपतो आणि ‘अंमलबजावणी’ कुठे सुरू होते ती रेघ पेन्सिलीने ओढली की वाद निम्मा होतो.

हे मला लागू पडतं का?

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं, की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना काही फायदा नाही, उलट आकडा थोडा वरच गेला. औषध एक, तक्त्याच्या ओळी तीन. पुढच्या वर्षी आपल्याकडे तिसऱ्या ओळीतले कित्येक जण घरी बसून स्टिरॉइड घेत होते, आणि म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) वॉर्ड कसे भरले ते बडोद्याने पाहिलंच. तक्त्यात आपली ओळ कोणती, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष उचलायचा नाही.

लष्करी संशोधन वाचताना तर हा प्रश्न पहिला. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकांनी लेहचं तिकीट काढलं आणि विजयी मुद्रेने फोन पुढे केला.

“ताई, हे बघा, आर्मीचं शेड्यूल. सहा दिवसांत माणूस तयार होतो. आमची टूरही सातच दिवसांची आहे.”

“काका, सहा दिवस नुसते राहायचे. तुमच्या टूरमध्ये तिसऱ्या दिवशी खारदुंगलाची उंच खिंड आहे.”

“मग जवान नाही जात?”

“जवानाचं वय बावीस, आणि तुमची अँजिओप्लास्टी झालीये.”

काकांचा कागद खोटा नव्हता. १९६२ च्या सुमारास मैदानातल्या तुकड्या थेट हिमालयात चढवल्या गेल्या आणि उंचीनेच माणसं आजारी पडली. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी ३,३५० ते ५,५०० मीटरवर नेलेल्या १,९२५ सैनिकांचा अभ्यास १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. उंचीच्या आजारावरच्या पायाभूत अभ्यासांत त्याची गणना होते. अशा अनुभवांतूनच भारतीय लष्कराची टप्प्यांची पद्धत आली: २,७०० ते ३,६०० मीटरवर सहा दिवस, ३,६०० ते ४,५०० वर चार, त्याच्या वर आणखी चार.

आता गट पाहा. सगळे पुरुष, तरुण, भरतीच्या वेळी तपासून घेतलेले, आजारी पडले तर डॉक्टर छावणीतच. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची जुनी दुखणी आधीच गाळलेली. उंच हवेत शरीर कसं वागतं ते या अभ्यासातून आपल्यालाही लागू होतं. ‘किती दिवसांत ठीक होईल’ हे मात्र जसंच्या तसं उचलता येत नाही, आणि उचलायचंच तर दिवस वाढवून, कमी करून नव्हे.

काकांसाठी मग कागदावर असं मांडलं. विमानाने लेह, म्हणजे एका झेपेत ३,५०० मीटर. पहिले दोन दिवस हॉटेल सोडायचं नाही, दारू आणि झोपेची गोळी बंद. त्यानंतर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. पँगाँग सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे, तेव्हा लेहहून थेट तिथे मुक्काम नको: मधे एक रात्र थांबून शेवटी, किंवा मुक्काम न करता परत. खारदुंगला रद्द. निघण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना तीन प्रश्न: मी जाऊ का, चालू औषधांत काही बदल हवा का, आणि उंचीच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड घेऊ का. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते तिसऱ्या प्रश्नाच्या आधी सांगायचं. तिथे डोकं दुखत असेल आणि मळमळत असेल तर वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, चाल अडखळली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर रात्र असली तरी खाली उतरायचं, आणि लेहमध्येच असाल तर थेट इस्पितळ गाठायचं.

काकूंनी तो कागद वाचला आणि टूरवाल्याला फोन लावून दोन दिवस वाढवून घेतले.